ओढायची शिट्टी

जपानमध्ये फ्लूचं एक औषध गिळायचं नसतं, ओढायचं असतं. बोटाएवढ्या प्लॅस्टिकच्या नळीत पांढरी पूड असते. नळी ओठांत धरायची आणि एका दमात ती पूड छातीत ओढून घ्यायची. विषाणू जिथे ठाण मांडून बसलाय तिथेच औषध जाऊन पडतं, असं सांगतात. हे औषध बहुतेकदा घरी देतच नाहीत. औषधाच्या दुकानात, फार्मासिस्टच्या डोळ्यांदेखत घ्यायचं, आणि एकदा घेतलं की झालं. हे सगळं मला आता पाठ आहे. पाठ असून उपयोग काय, ते मात्र विचारू नका.

त्या हिवाळ्यात आमच्या घरात फ्लू आणला तो माझ्या नवऱ्याने, तोयोसुच्या ऑफिसातून. ग्योतोकुच्या आमच्या दोन खोल्यांत एकाला ताप म्हणजे सगळ्यांनाच ताप. तरी त्याला आतल्या खोलीत कोंडलं आणि दाराबाहेर पेजेचा वाडगा ठेवत राहिले. स्टेशनजवळच्या दुकानात त्याने ती पूड झटक्यात ओढली होती, आणि दोन दिवसांत तो लॅपटॉप उघडून बसला. 'एकदाच ओढायचं, खेळ खलास,' असं तो फोनवर भेटेल त्याला सांगत होता, जणू औषध यानेच शोधून काढलंय. तेव्हा मला त्याचा राग यायचा. बरा झाला म्हणून खूश होता बिचारा, दुसरं काय.

आई तेव्हा आमच्याकडे आलेली होती. बाबा गेल्यापासून ती ठाण्याला एकटी राहायची आणि तिला तसं राहायला आवडायचं. मी तिची एकुलती एक. दर फोनला 'ये गं, ये गं' करून मी तिला आणली, आणि आल्या दिवसापासून ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर परतीची तारीख बघत होती. 'तुझं घर छान आहे, पण ते तुझं आहे,' म्हणायची. आईचं बोलणं असंच, एक घाव दोन तुकडे.

तिने जन्मभर शाळेत पी.टी. शिकवली. गळ्यात काळ्या दोरीला लोखंडी शिट्टी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. मैदानाच्या या टोकाला तिने शिट्टी फुंकली की त्या टोकाचं पोर ताठ उभं राहायचं. मीही त्याच शाळेत होते, त्यामुळे त्या शिट्टीची दहशत मला घरीदारी होती. रिटायर झाल्यावर शिट्टी गेली, पण दम गेला नाही. ग्योतोकुला आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने दोन गोष्टी ताब्यात घेतल्या, आमचा कचरा आणि समोरची बाग. जळणारा कचरा कुठला, न जळणारा कुठला, प्लॅस्टिक कुठल्या दिवशी, हे तिने चित्रं बघून शिकून घेतलं. जावयाने दह्याचा डबा न धुता टाकला तर तो पिशवीतून काढून त्याच्यापुढे ठेवायची. 'जावईबापू, हे काय?' म्हटलं की माझा नवरा निमूट नळाशी जायचा. माझं तो आजतागायत ऐकत नाही.

बागेत रोज सकाळी आसपासचे म्हातारे-म्हाताऱ्या रेडिओवरच्या पियानोच्या तालावर व्यायाम करतात. आई जाऊन त्यांच्यात उभी राहिली. जपानीचं एक अक्षर येत नव्हतं, पण हात वर, हात खाली याला भाषा लागत नाही. ती खणखणीत आवाजात 'एक, दोन, तीन, चार' मोजायची. एक आजोबा हळूहळू तिच्याबरोबर 'एक, दोन' म्हणायला लागले. तरी ती त्या मंडळींवर फारशी खूश नव्हती. सगळे वरवरचा श्वास घेतात, पोटातून कोणी घेत नाही, अशी तिची तक्रार होती. मी हे त्यांना जपानीत सांगावं असा आग्रहही धरला होता. मी सांगितलं नाही.

नवरा ऑफिसला जायला लागला आणि आईला ताप भरला.

माझं जपानी म्हणजे वासरांत लंगडी गाय शहाणी. इथल्या मराठी बायका दवाखान्यात, शाळेत, वॉर्ड ऑफिसात जाताना मला बरोबर नेतात, आणि मीही ऐटीत जाते. तेव्हा आईला घेऊन दवाखान्यात गेले त्यात नवीन काही नव्हतं. डॉक्टरांनी नाकात काडी फिरवली, पट्टीवर रेघ उमटली. दमा आहे का, दूध चालतं का, असं त्यांनी विचारलं, कारण त्या पुडीत दुधातली साखर असते. मग विचारलं, जोरात श्वास ओढता येईल ना? मी म्हटलं, हिने जन्मभर पी.टी. शिकवली आहे. डॉक्टर हसले आणि त्यांनी पूड लिहून दिली.

औषधाच्या दुकानात तापाच्या लोकांसाठी कोपऱ्यात पडदा लावून जागा केली होती. फार्मासिस्ट तरुण मुलगी होती, मन लावून काम करणारी. खरं औषध देण्याआधी तिथे सरावासाठी एक शिट्टी देतात. दिसायला अगदी त्या नळीसारखी. ती फुंकून वाजत नाही, जोराने आत ओढली तरच वाजते. वाजली म्हणजे तुमच्या छातीत पूड ओढण्याइतका जोर आहे असं समजायचं. हे सगळं ती मला सांगत होती, आणि मी आईला सांगणार तोवर शिट्टी आईच्या हातात गेलेली होती.

आता शिट्टी कोणाच्या हातात दिली होती? आई खुर्चीत ताठ झाली, शिट्टी ओठांत धरली आणि फुंकली. आवाज नाही. पुन्हा फुंकली. मग ती डोळ्यांसमोर धरून तिच्या भोकातून आरपार पाहिलं आणि मला म्हणाली, "यांची शिट्टी खराब आहे."

मला हसू आवरेना. ही ओढायची शिट्टी आहे, असं मी तिला समजावलं. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पुन्हा पाचवीतली झाले. शिट्टी कधी कोणी ओढतं का, तिचं म्हणणं. डोळे तापाने लाल, गालांवर दोन लाल ठिपके, पण हुज्जत घालायला कमी नाही. शेवटी तिने ओढून पाहिलं. दोनदा नुसता फसफस आवाज आला, तिसऱ्यांदा बारीकशी शिट्टी वाजली. फार्मासिस्टने टाळ्या वाजवल्या. आईला ते आवडलं नाही. इतक्या मरतुकड्या शिट्टीला टाळ्या कसल्या?

मग खरी नळी दिली. फार्मासिस्ट आईसमोर ओणवी झाली, तिच्या डोळ्यांत डोळे घालून आपला हात छातीशी नेत म्हणायला लागली, "सुत्ते, सुत्ते, सुत्ते." जपानीत सुत्ते म्हणजे आत ओढा. आईने लक्ष देऊन ऐकलं, मान डोलावली, आणि होता नव्हता तेवढा श्वास त्या नळीत सोडून दिला.

कॅरमच्या बोर्डावर पावडर उडावी तशी ती पूड उडाली. आईच्या शालीवर, हनुवटीखाली ओढलेल्या मास्कवर, काउंटरवर. हे काय केलंस, असं मी विचारलं तर ती मलाच म्हणाली, "अगं, ती पोरगीच सारखी 'सुटते, सुटते' म्हणत होती ना. मग मी सोडला."

फार्मासिस्टने वाकून वाकून माफी मागितली. मी तिला सांगायचा प्रयत्न केला की चूक तिची नाही, आमच्या भाषेतला एक शब्द तिच्या भाषेतल्या शब्दासारखा ऐकू येतो आणि त्याचा अर्थ नेमका उलटा आहे. माझं जपानी तेवढं लांब पोचलं नाही. तिने लगेच दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर म्हणाले, पूड राहू दे, थकल्या आहेत, त्याऐवजी गिळायच्या कॅप्सूल द्या. पहिली कॅप्सूल आईने तिथेच, दुकानातल्या कागदी पेल्यातल्या पाण्याबरोबर घेतली. म्हणजे गेला तो एवढासा वेळ. पुढे मी तो वेळ मनात इतक्यांदा मोजला की त्याला काही अर्थच उरला नाही.

त्या दिवशी आम्ही घरी हसलो. संध्याकाळी नवरा आला तेव्हा दाराआडून आईनेच त्याला सगळी गोष्ट सांगितली, त्या मुलीच्या आवाजाची नक्कल करून. तो म्हणाला, "आई, जित्याची खोड..." आणि एकदम थांबला. सासूला असं कसं म्हणायचं, म्हणून. आईनेच ती म्हण पुरी केली आणि इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली. त्या खोकल्याकडे मी दुर्लक्ष केलं असं नाही. पाठीवरून हात फिरवला, गरम पाणी दिलं, कॅप्सूलच्या वेळा पाळल्या. जे करायचं ते सगळं केलं.

ताप उतरला तसा आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. आई उठून कचऱ्याकडे बघायला लागली. दुसऱ्या दिवशी बाटल्यांचा कचरा होता. ती स्वयंपाकघरात उभी राहून बाटल्यांची झाकणं काढत होती आणि झाकण काढता काढता जमिनीवर बसली. मला वाटलं, खाली काही पडलंय ते शोधतेय. जवळ गेले तर तिच्या खांद्यांना धाप लागली होती आणि ओठांचा रंग बरा नव्हता. मी विचारलं, आई, काय होतंय? तिने हाताने 'थांब' अशी खूण केली. बोलायला तिच्याकडे श्वासच नव्हता. ज्या बाईचा आवाज मैदानाच्या त्या टोकाला जायचा तिला माझ्यापर्यंत एक शब्द पोचवता येईना. अँब्युलन्सला फोन करताना मला आमचा पत्ताही नीट सांगता येत नव्हता.

हॉस्पिटलात मी 'मुसुमे-सान' झाले, म्हणजे मुलगीबाई. इथे पेशंटच्या घरच्यांना अशीच हाक मारतात. आईला सगळे 'ओकासान' म्हणायचे, म्हणजे आईच. आईवर उपचार करणाऱ्या डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी मला आईच्या छातीचा फोटो दाखवला. जिथे काळं दिसायला हवं तिथे दोन्हीकडे पांढरं होतं. विषाणू घशात न थांबता खाली फुप्फुसात उतरला होता. मी त्यांना ती दुकानातली गोष्ट सांगितली. कधी नव्हे ते धडाधड, व्याकरणाची पर्वा न करता, सगळी सांगितली. ती पूड आत गेली असती तर?

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, काही फरक पडला नसता. कॅप्सूल वेळेत सुरू झाल्या होत्या, तेही चांगलंच औषध आहे. काही माणसांत हा आजार असा खाली उतरतो, कोणात आणि का, ते सांगता येत नाही. मी विचारलं, मग आता देता येईल का ती पूड? त्यांनी मान हलवली. ते औषध ओढून घ्यावं लागतं, आणि ओढायला छातीत जोर लागतो. आता औषध शिरेतून चाललं होतं. श्वासाच्या आजाराचं ते औषध ज्याचा श्वास शाबूत आहे त्याच्यासाठीच होतं, ही गोष्ट मला त्या खुर्चीत बसल्यावर कळली.

माझं ओझं हलकं व्हावं म्हणून त्या तसं बोलल्या असतील. खरंच होतं ते, त्यात शंका नाही. पण मला ते नको होतं. मला चूक हवी होती. चूक असती तर तिच्यावर डोकं आपटता आलं असतं. त्या एका शब्दाला मी जन्मभर शिव्या घातल्या असत्या. त्या फार्मासिस्ट मुलीला दोष दिला असता, नाहीतर स्वतःला, आणि रडायला एक जागा मिळाली असती. माझ्या हातात काहीच दिलं नाही त्यांनी. सगळं नीट झालं होतं. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं होतं, आणि तरी आतल्या खोलीत माझ्या आईचा जीव कासावीस होत होता. याच्याइतकं भीषण दुसरं काही मला माहीत नाही.

घरी फोन यायचे. कोणी म्हणायचं, देवाची इच्छा. कोणी म्हणायचं, इथली थंडी आपल्या माणसांना सोसत नाही. आमच्या इमारतीतली एक मराठी बाई डबा द्यायला आली आणि जाता जाता म्हणाली, या वयात आणायलाच नको होतं त्यांना. नवरा तिच्यावर चिडला. मी चिडले नाही. एकट्या तिनेच मला कारण दिलं होतं. रात्रंदिवस मी त्या कारणाशी बोलत बसायचे, पण तेही फार टिकलं नाही. फ्लू काय ठाण्यात नसतो?

भेटायला थोडाच वेळ सोडत. अंगात पिवळा झगा, हातमोजे, मास्क घालून मी आईजवळ बसायचे. तिच्या नाकातोंडावर घट्ट मास्क, त्यातून मशीन हवा ढकलत असायचं. एका नर्सने माझ्याकडून मराठीतले चार शब्द शिकून घेतले आणि जपानी अक्षरांत लिहून पलंगाला चिकटवले. घ्या, सोडा, दुखतंय का, छान. तिला 'घ' म्हणता यायचा नाही. ती म्हणायची, 'ग्या'. आई मास्क असतानाच बोट वर करून तिला थांबवायची आणि डोक्याने तो 'घ' दाखवायचा प्रयत्न करायची, हनुवटी खाली दाबून. नर्स पुन्हा म्हणायची, 'ग्या'. असं दोन-तीनदा चालायचं. मग एके दिवशी नर्स 'ग्या' म्हणाली आणि आईने बोट उचललं नाही. नर्सलाही ते कळलं. ती माझ्याकडे न बघता चादर सारखी करत राहिली.

परतीची तारीख आली आणि गेली. नवऱ्याने तिकीट पुढे ढकललं, मग आणखी पुढे. नंतर तो त्याबद्दल बोलेनासा झाला, आणि मीही विचारलं नाही. या सगळ्यात तो माझ्याशी फार चांगला वागला. त्याने आणलेला फ्लू होता, हे आम्ही दोघांनीही कधी तोंडातून काढलं नाही. एकदा मात्र तो बाथरूममध्ये नळ सोडून रडत होता, तो आवाज मी ऐकला. मी उठून त्याच्याकडे गेले नाही. माझ्याकडे द्यायला काही नव्हतं.

मग डॉक्टरबाईंनी मला सांगितलं की आता मास्क पुरत नाही. घशातून नळी घालून मशीनने श्वास द्यायचा की नाही, हे ठरवायला हवं. ओकासान शुद्धीवर आहेत, तर त्यांनाच विचारू या, तुम्ही मराठीत सांगा, असं म्हणाल्या. पेशंटसमोर असं बोलायचं? आपल्याकडे असतं तर बाहेर कॉरिडॉरमध्ये कुजबुज झाली असती आणि आत येऊन आम्ही हसऱ्या तोंडाने खोटं बोललो असतो. त्या क्षणी मला त्या कॉरिडॉरची किती आठवण आली ते सांगता येत नाही.

आम्ही दोघी पलंगाशी उभ्या राहिलो. डॉक्टरबाई एक वाक्य बोलायच्या, थांबायच्या, मी ते मराठीत करायचे. नळी घातली तर औषध देऊन झोपवून ठेवतील. झोपेत फुप्फुसांना थोडा अवधी मिळेल. त्यातून बरं वाटेल याची खात्री नाही, आशाही फार नाही. नळी घातल्यावर बोलता येणार नाही. ती कदाचित पुन्हा काढता येणार नाही. घातली नाही, तर त्रास होऊ नये याची सगळी काळजी घेतील, आणि मुलगी जवळ बसू शकेल. एकही वाक्य मी गाळलं नाही, एकही मऊ केलं नाही. इतकं चांगलं भाषांतर मी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

आज लिहिताना सांगून टाकते. नळी घातली. आणि ती निघाली ती आई गेल्यानंतरच.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग मास्ककडे बोट दाखवलं. नर्सने तो क्षणभर बाजूला केला.

"तुझं काय म्हणणं आहे?" आईने मला विचारलं.

मी म्हणाले, "घालू या, आई. मला तू हवी आहेस."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागावली नव्हती. थकली होती, आणि माझ्याबद्दल तिला वाईट वाटत होतं, हे मला स्पष्ट दिसलं. एकेका शब्दाला थांबत ती म्हणाली, "मला घरी जायचं होतं गं. पण तुला हवी असेल, तर घाला."

नर्सने मास्क पुन्हा बसवला. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, ओकासान काय म्हणाल्या?

मी म्हणाले, "हो म्हणतेय."